धाकटी विकली तेव्हा

सोनगीर सोडलं त्या सकाळी नानांनी मला एसटीत बसू दिलं नाही. पुण्याची गाडी धुळ्याहून होती, आणि धुळ्यापर्यंत तरी थोरलीतून जायचं, हा त्यांचा हट्ट. नाना म्हणजे माझे वडील, आणि थोरली म्हणजे आमची मोटार. मागच्या सीटवर मी, आई, गादीची वळकटी, पापडांचा डबा आणि कळण्याच्या भाकरीच्या पिठाची पिशवी. आईला सगळं गाव अक्का म्हणतं, म्हणून मीही अक्काच म्हणते. अक्का सरळ रडत होती. नाना मात्र सबंध हायवेभर तिसरा गिअर कसा आवाज करतो ते सांगत होते. एकुलती एक मुलगी गाव सोडून चाललीय आणि हा माणूस गिअरचं काय घेऊन बसलाय, असा मला राग आला होता. धुळ्याचं देवपूर आलं तेव्हा त्यांनी गाडी बाजूला घेतली, चष्मा पुसला आणि पुन्हा गिअरबद्दलच बोलायला लागले.

थोरली तेव्हाच म्हातारी होती. तिची कंपनी गाड्या बनवायची बंद झाली, मग धुळ्यातलं तिच्या पार्टांचं दुकान बंद झालं, तिथे आता मोबाईलची कव्हरं मिळतात. नानांनी त्यावर इलाज काढला. धुळ्याच्या एका कापडवाल्या शेठजींकडे तशीच गाडी बंद पडून होती, ती त्यांनी ट्रॅक्टरला बांधून गावापर्यंत ओढत आणली आणि घरामागे विटांवर चढवून ठेवली. ती धाकटी. थोरलीला काही लागलं की धाकटीचं काढायचं. डायनॅमो गेला, धाकटीचा काढला. दाराचं हॅण्डल तुटलं, धाकटीचं काढलं. गावात लोक हसायचे, की नानांनी एकीला नेसवायला दुसरीला उघडं केलं.

इकडे पुण्यात माझी गाडी काळजी करायचं कामच ठेवत नाही. सर्व्हिस जवळ आली की मोबाईलवर मेसेज येतो, एक मुलगा किल्ली घेऊन जातो, संध्याकाळी गाडी धुऊन पार्किंगमध्ये. ती बिघडते तेव्हा नेमकं काय बिघडतं, मला आजवर कळलेलं नाही. माणूस अशा सोयीला फार लवकर सोकावतो. मीही सोकावले, आणि गावी गेले की प्रत्येक गोष्टीकडे 'हे अजून ठेवलंय कशाला' अशा नजरेने बघायला लागले. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडलेत त्यांना ही नजर ओळखीची असेल. जे तिकडे राहिलेत त्यांनी ती आमच्या डोळ्यांत बघितली असेलच.

अक्काचं डायलिसिस सुरू झालं त्या वर्षी दिवाळीला गेले तर धाकटीच्या टपावर वेल चढलेला. खाली साप निघाला म्हणून शेजारीण सांगत होती. नाना एका साखरपुड्याला साक्रीला गेले होते. मी भंगारवाल्याला फोन केला. त्याने दुपारपर्यंत टेम्पो आणला, चार माणसांनी धाकटी उचलली, आणि मी मागची जागा झाडून, सडा टाकून, वर रांगोळी काढली. शहाणपणाला काही सीमा असते की नाही!

नाना संध्याकाळी आले. मागे जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "जागा मोकळी व्हयनी," आणि चहा मागितला. मला वाटलं, खूश झाले.

होळीच्या सुमारास अक्का फोनवर भाजीचं सांगता सांगता बोलून गेली, "तुना बाप आते ब्रेक दोनदा दाबस. पहिलांदा दाबा की लागत नही." तिने ते असं सांगितलं, जसं कोणी आता कमी ऐकू येतं म्हणून सांगावं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी नाना तिला सोनगीरहून धुळ्याला डायलिसिसला नेतात, आणि तो रस्ता म्हणजे मुंबई-आग्रा हायवे. कंटेनर अंगावर आल्यासारखे जातात. त्या रस्त्यावर पंचाहत्तरीचा माणूस, मागे सुया टोचून थकलेली बाई, आणि ब्रेक दुसऱ्या दाबाला लागणार.

नानांना फोन द्यायला लावला तर म्हणाले, "बठ्ठं ठीक शे, माय," म्हणजे सगळं ठीक. मी टॅक्सी लावून देते म्हटलं. ते आधीच करून झालं होतं. बंद काचांच्या गाडीत अक्काला उलट्या होतात, आणि येताना तिला आडवं व्हायला लागतं. थोरलीची मागची सीट सलग, सोफ्यासारखी. अक्का तिथे उशी घेऊन झोपते. नव्या गाड्यांत तशी सीट नाही. मग मी ओरडले, नानांनी फोन अक्काकडे दिला, अक्काने पुन्हा भाजीचं सांगितलं.

बिघडलं होतं ते ब्रेकचं मास्टर सिलिंडर. पाय दाबला की चारी चाकांकडे ऑईल ढकलतं ते. हे मला धुळ्याच्या मिस्त्रींनी सांगितलं. रहीम मिस्त्री थोरलीचे पहिल्यापासूनचे डॉक्टर. "बेटा, पार्ट आण, मी तासाभरात बसवतो. पार्टच नाही तर मी काय फुंकर मारू?" मग मी पार्ट शोधायला लागले. जुन्या गाड्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फोटो टाकले. लोकांनी त्यांच्या गाड्यांचे चकचकीत फोटो टाकले, पार्ट कोणी दिला नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात दोन रविवार घातले. एकाने दुसऱ्याच गाडीचं सिलिंडर 'हेच आहे मॅडम' म्हणून हातात ठेवलं. मंगळवारी आणि शुक्रवारी ऑफिसात माझं चित्त थाऱ्यावर नसायचं. मीटिंगमध्ये फोन उलटा ठेवायचा, पुन्हा सुलटा करायचा. अकरा वाजले, पोहोचले असतील. साडेअकरा, अजून फोन नाही. मी चिडायचे सगळ्यांवर, पण खरा राग माझा माझ्यावरच होता. कारण धाकटी असती तर हे झालंच नसतं. तिच्यात सिलिंडर होतं. मी ते टेम्पोत घालून पाठवलं आणि वर रांगोळी काढली.

शेवटी त्याच भंगारवाल्याला फोन लावला. त्याने टप आणि दारं कापून विकली होती, पण इंजिनाकडचा भाग कोपऱ्यात पडला होता. मी गुरुवारची रजा टाकली, घरी न सांगता सकाळी धुळ्यात उतरले, आणि ऑफिसच्या कपड्यांत त्या भंगाराच्या ढिगात उभी राहून त्याच्या माणसाकडून सिलिंडर काढून घेतलं. त्याने विचारलं, "ताई, तुम्हीच विकली ना ही?" मी म्हटलं, हो, मीच ती.

सिलिंडर ओढणीत गुंडाळून सोनगीरला पोहोचले तेव्हा मला अगदी मैदान मारून आल्यासारखं वाटत होतं. अक्का पलंगावरून उठायला लागली, तिला बसवलं. नानांपुढे पुडकं सोडलं. त्यांनी चष्मा लावला, सिलिंडर हातात फिरवलं, तळाशी अंगठा घासला. तिथे पंचाने, म्हणजे लोखंडी टोच्याने, ठोकलेले तीन ठिपके होते.

"हाई ते थोरलीनंच शे," नाना म्हणाले. "चार साल पहिले मीच काढेल व्हतं."

मला काही कळेना. मग अक्काने सांगितलं. धाकटीचा चांगला पार्ट काढला की नाना थोरलीचा खराब पार्ट त्या जागी बसवायचे, नटबोल्ट आवळून, नीट. तीन ठिपके ठोकून, म्हणजे पुढे चुकून पुन्हा वापरला जायला नको. मी विचारलं, का? खराब पार्ट बसवून काय उपयोग? नाना जरा लाजले. म्हणाले, "खाली जागा बरी नही दिसत."

म्हणजे मी विकली तेव्हा धाकटीत चांगलं असं काही उरलंच नव्हतं. थोरलीची सगळी दुखणी अंगावर घेऊन ती विटांवर उभी होती. एवढे दिवस मी स्वतःला बोल लावत होते, ते ओझं उतरायला हवं होतं. झालं उलटंच. थोरलीत बसवलेलं धाकटीचं आणि मी आणलेलं थोरलीचं, दोन्ही सिलिंडरं गेलेली, तिसरं कुठे नाही, आणि उद्या शुक्रवार. शिवाय ही गोष्ट अक्काला ठाऊक, मिस्त्रींना ठाऊक, शेजारणीलाही ठाऊक निघाली. त्या घरची मुलगी तेवढी कोरी. मला फार वाईट वाटलं, आणि तेही गिळून मी भाकरी खाल्ली.

शुक्रवारी मी हट्टाने टॅक्सी केली. जाताना अक्काला दोनदा उलटी झाली, येताना ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून अवघडून पडली. नाना थोरली हळूहळू, कडेकडेने मिस्त्रींकडे घेऊन गेले होते. मिस्त्रींनी दोन्ही सिलिंडरं उघडली, एकाचं बाहेरचं घेतलं, दुसऱ्याचं आतलं, दुसऱ्या कुठल्या गाडीची रबरं घासून बसवली. शनिवारी मी स्वतः गाडी चालवून पाहिली. ब्रेक पहिल्या दाबाला लागला. मी विचारलं, किती दिवस चालेल? रहीम मिस्त्री हात पुसत म्हणाले, "चालेल. कधीपर्यंत, ते मला नको विचारू बेटा."

रविवारी निघताना मी नानांना एकदाचं बोलले. म्हटलं, नाना, आता हायवेवर गाडी घालू नका, मला तिकडे धड जेवण जात नाही. ते गाडीची काच पुसत होते. रागावले नाहीत. खरंच विचारावं तसं त्यांनी विचारलं, "मंग दर मंगळवार-शुक्रवार तू येशी का, माय?"

मी बॅग उचलली. बसला उशीर होतोय म्हटलं.

त्याला आता पाच महिने झाले. पुण्यात लोक विचारतात, तुमचं घर कुठलं, आणि मी सोनगीर म्हणते, पण ते खरं राहिलेलं नाही. तिथल्या फडताळात काय आहे, कुठला नट कशाने आवळलाय, मला काही माहीत नाही. माझं घर आता मंगळवारी सकाळी दहाला सुरू होतं, नाना किल्ली फिरवतात तेव्हा, आणि अक्काचा 'पोहोचलो' असा फोन आला की संपतं. मग शुक्रवारी पुन्हा. आज मंगळवार आहे. साडेअकरा वाजून गेलेत. नानांच्या 'तू येशी का'ला मी अजून उत्तर दिलेलं नाही.