सरासरीने ओतलेलं टेबल

आमचे हे रेझिनच्या कारखान्यात मिसळणीवर आहेत, आणि सरासरी म्हणजे ह्यांचा जीव की प्राण. थोरला वर्गात पहिला आला, धाकटा नापास झाला, तर हे म्हणाले, सरासरीने पोरं पास आहेत. भाजी काल खारट आणि आज अळणी झाली तरी ह्यांचा हिशेब जुळतो. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं, सांगा!

मी घरीच शिवणकाम करते. पहिल्यांदाच मोठं काम मिळालं होतं, एका हॉटेलातल्या वेटरांचे कोट. वेळेवर दिले नाहीत तर पुढचं सगळं काम दुसऱ्या शिंप्याकडे जाईल, असं मालकाने तोंडावर सांगितलं होतं. इस्त्रीला दणकट टेबल हवं म्हटल्यावर ह्यांनी बाह्या सरसावल्या. इपॉक्सी रेझिनचा थर देतो, म्हणाले, वाळून दगडासारखा होतो, गरम इस्त्री खुशाल ठेव.

कारखान्यातून उरलेलं रेझिन आणलं, ते दोन तऱ्हेचं. रेझिनच्या रेणूंच्या साखळ्या असतात म्हणे. एका डब्यात आखूड साखळ्या, पातळ रेझिन. त्यांची वीण घट्ट बसते, थर कडक होतो, उष्णता सोसतो, पण ठिसूळ. दुसऱ्यात लांबलचक साखळ्या, काकवीसारखं दाट रेझिन. त्याचा थर लवचिक, पण तापला की मऊ पडतो. आम्हाला हवं होतं मधलं. ह्यांनी दोन्ही एकत्र ढवळलं, लांबीची सरासरी बरोबर आली आणि स्वारी खूश. मधल्या लांबीची साखळी त्यात औषधालाही नव्हती, हे मात्र ह्यांच्या गावीही नव्हतं.

थर वाळला तो अगदी आरशासारखा. कडेला इस्त्री झकास चालली. मी मध्ये आले, जिथे ते दाट रेझिन साचलं होतं, आणि इस्त्री रुतली, खाली एका थोराड वेटरचा कोट टेबलाला चिकटला. ओढला तर पाठच फाटली.

"सरासरी तर बरोबर होती," हे म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मग मीही सगळ्या वेटरांच्या मापांची सरासरी काढते आणि एकाच मापाचे कोट शिवते. घालतील बिचारे!"

हे हसायला लागले, आणि हसता हसता फाटका कोट उचलून त्याची पाठ जुळवून बघू लागले.

उरलेल्या कोटांना मी जमिनीवर चादर घालून इस्त्री केली. कंबरेचा पार काटा ढिला झाला. फाटलेल्या कोटाला पुरेल एवढं कापड शिल्लक नव्हतं. हॉटेलात जाताना हे न सांगता बरोबर निघाले. मालकाने कोट मोजले आणि मान वर केली. मी चाचरत सुरुवात केली की एवढे झालेत, एकच तर राहिलाय.

ह्यांनी मला थांबवलं. "ज्याचा राहिला, त्याला बाकीच्यांचे दाखवून काय उपयोग? कोट माझ्यामुळे फाटला, साहेब. हिच्या कामात खोट नाही."

लग्नानंतर पहिल्यांदाच ह्यांच्या तोंडून चूक कबूल झालेली ऐकली. मालकाने ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि आत जाऊन नवं कापड आणून माझ्या हातात दिलं. पुढच्या मोसमाचं कामही तुम्हीच करा, म्हणाला.

घरी येईपर्यंत मी ह्यांच्याशी एक अक्षर बोलले नाही. बोलले असते तर भर रस्त्यात रडले असते.