पाराची मागली बाजू

कुतुबुद्दीन गवंड्यानं कट्ट्याचं काम धरलं की आधी चार दिवस तो नुसता तिथं बसून राहायचा. ऊन कुठून येतं, कोण कुठं टेकतं, म्हातारी माणसं उठताना कशाचा आधार घेतात, हे बघितल्याशिवाय त्याची थापी पिशवीतून बाहेर निघत नसे. लोक त्याला आळशी म्हणत. पण त्याच्या कट्ट्यावर एकदा बसलेला माणूस लवकर उठत नाही, हेही तेच लोक सांगत.

१९७५ साली कोरेगावजवळच्या त्याच्या गावानं एस.टी. थांबायची तिथल्या वडाला पार बांधायचं ठरवलं. सरपंच लालासाहेबांना पार यात्रेच्या आत हवा होता, त्यामुळं या खेपेला चार दिवस बसणं काही झालं नाही. तरी काळ्या घडीव दगडाचा पार असा देखणा झाला, की लालासाहेबांनी खूश होऊन मागच्या अंगाला एका लांब दगडावर ‘कारागीर कुतुबुद्दीन’ अशी अक्षरं कोरून घेतली. पन्नाशी आली तरी त्याचं नाव कुणी कुठं लिहिलं नव्हतं. काम नसतानाही तो दिवसातून दोनदा तिकडून चक्कर मारू लागला.

बाजाराच्या दिवशी त्याची बायको चांदबी शेवग्याच्या शेंगा विकून घरी आली.

“पार झ्याक झालाय,” पाटी उतरवत ती म्हणाली. “पर आता आमी कुठं बसायचं?”

कुतुबुद्दीनला उमगेना. मग तिनंच सांगितलं. आधी बाया वडाच्या मुळ्यांवर बसायच्या. ती जागा कुणाचीच नव्हती. आता तिथं पार झाला आणि पारावर गावातली वडीलधारी माणसं बसली. सासऱ्या-दिरांसमोर चढून बसायचं कसं? म्हणून बाया रस्त्यापलीकडं उन्हात, डोक्यावर पाटी घेऊन उभ्या. पाटी खाली ठेवावी, तर गाडीच्या घाईत ती परत डोक्यावर कोण देणार?

त्याला जेवण गेलं नाही. राहून गेलेले चार दिवस आता तो रस्त्यापलीकडं बसला. दिवस भरत आलेली एक बाई तासभर उभी राहिलेली त्यानं पाहिली आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

“मागली बाजू उकलायची हाय,” तो लालासाहेबांच्या सोप्यात जाऊन म्हणाला.

“यड लागलं का तुला? अजून सिमिटाला पानी मारनं चाललंय.”

“पक्कं व्हायच्या आत उकलल्यालं बरं. तिकडं बायांना बसाया करतो.”

“आन् त्या आमच्या पाठीला बसनार?”

“तुमचं त्वांड रस्त्याकडं, त्यांचं शेताकडं. कुनी कुनाला दिसायचं न्हाई.”

आतून लालासाहेबांची आई धोंडुबाई बोलली, “लाला, परवा मी बी उनातच हुभी हुते.”

लालासाहेबांनी आतल्या दाराकडं पाहिलं. मग आवाज उतरवून म्हणाले, “तुझ्या नावाचा दगड त्याच अंगाला हाय, कुतुबभाई.”

“ठावं हाय.”

तीन दिवस त्यानं फुकट काम केलं. वडाच्या सावलीत, शेताकडं तोंड करून ठेंगणी बैठक केली आणि तिच्या शेजारी छातीइतक्या उंचीचा ओटा, म्हणजे पाटी एकटीला उतरवता यावी आणि उचलताही. बैठकीला पुरेल एवढा लांब दगड एकच होता, त्याच्या नावाचा. बसायला सपाट बाजू वर हवी, म्हणून अक्षरं खाली करण्याआधी त्यानं त्यांच्यावरून एकदा बोट फिरवलं. मग दगड बसवला.

पुढच्या बाजाराला बाया रस्त्यापलीकडंच उभ्या. पारावरचे म्हातारे माना वळवून रिकामी बैठक बघत होते. समोरच्या हॉटेलात बसलेल्या कुतुबुद्दीनचा चहा निवून गेला. एवढं करून कुणी बसलंच नाही तर?

तेवढ्यात चांदबीनं रस्ता ओलांडला. पाटी ओट्यावर सरकवली, पदर सारखा केला आणि बसली. मग पलीकडं बघून म्हणाली, “धोंडुमावशी, या की. हितं सावली हाय.”

धोंडुबाई आली. चांदबी सरकली. मग आणखी दोघी आल्या, मग दिवस भरलेली ती. बघता बघता बैठक भरली आणि कशावरून तरी हसणं सुरू झालं. पारावरचे म्हातारे आपलं बोलणं सोडून कान देऊ लागले.

एस.टी. आली. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली, तरी बाया लवकर उठेनात. कुतुबुद्दीननं निवलेला चहा एका घोटात संपवला. तो त्याला गोड लागला.