मोजायचं आणि जोखायचं

आमच्या अमरावतीच्या कॉलेजात कॉम्प्युटर नव्हता, त्याची भाषा, फोर्ट्रान, मात्र होती. गणिताचे सर उन्हाळी शिबिरात ती भाषा शिकून आले आणि आम्हाला फळ्यावर शिकवू लागले. विहिरीशिवाय पोहणं! आम्ही कागदावर प्रोग्राम लिहायचो, सर ते टपालाने दूरच्या एका संस्थेत पाठवायचे आणि तिथलं यंत्र ते चालवून पाहायचं. ज्याचा प्रोग्राम चालेल त्याला पुढच्या शिबिरात जागा. वर्गात मुलगी मी एकटीच. वरूडला संत्र्याची बाग करणाऱ्या बाबांनी बजावलं होतं, "पैले तुह्यं गणित चालू दे, मंग पाहू शिबिराले पाठवाचं."

मी बागेचाच हिशेब घेतला. एकूण वजन भागिले संत्र्यांची संख्या, की एका संत्र्याचं सरासरी वजन. चौथीतलं पोरही करेल. कागद परत आला तो शेरा घेऊनच: पूर्णांक आणि दशांश एका भागाकारात चालणार नाहीत. यंत्राने गणित सुरूसुद्धा केलं नव्हतं. माझं डोकंच फिरलं. वजन दशांशात, संख्या पूर्णांकात, त्यात बिघडलं कुणाचं? त्या सोवळ्या यंत्राच्या नावाने बोटं मोडत मी दिवाळीला घरी गेले.

बागेत व्यापारी आला होता. मोठी संत्री मोजून घेतो, बारकी जोखून घेतो, सौदा एकच, असं त्याचं म्हणणं. बाबा फाटकातच आडवे उभे राहिले.

"एका सौद्यात दोन मापं? गाडी भराच्या अगुदर सांग, मोजतं का जोखतं."

"भरू तं द्या भाऊ, मंग पाहू," व्यापारी म्हणाला.

"मंग कायले? मंग भांडनच होते."

मी बसल्या जागेवरून ताडकन उठले. यंत्र आडमुठं नव्हतंच, तेही फाटकात उभं होतं! उत्तर चुकायची वाट न पाहता, माल भरण्याआधीच विचारत होतं, हा आकडा मोजलेला की जोखलेला? मी एकच ओळ वाढवली. संख्या आधी दशांश आकड्यासाठी ठेवलेल्या नावात घातली, मग भागाकार केला. सरांना ती ओळ समजावताना माझा आवाज चढला असेल. चढू दे.

संक्रांतीच्या सुमारास कागद आला, खाली एकच आकडा, एका संत्र्याचं वजन. वर्गातल्या एकाही मुलाचा प्रोग्राम चालला नव्हता, आणि हे मी कुणाला विसरू दिलं नाही. तोच कागद घेऊन घरी गेले.

बाबांनी तो उलटसुलट पाहिला. "आपल्याच संत्र्याचं?"

"हाव, आपल्याच."

कागदाची घडी खिशात घालून ते बाजारात निघून गेले. पाठवणार की नाही, या धास्तीने मला दिवसभर घास गोड लागला नाही. तिकडे त्यांनी दिसेल त्या व्यापाऱ्याला तो कागद दाखवला, पार चिंधी होईपर्यंत.

संध्याकाळी आले ते डोक्यावर लोखंडी पेटी घेऊन. झाकणावर माझं नाव रंगवलेलं होतं आणि रंग अजून ओला होता.