पाटीवरची बाई

स्त्री-पुरुष समतेवर आमच्या काकांइतकं बोललेला माणूस अख्ख्या शेवगाव तालुक्यात दुसरा नाही, आणि स्वतःचा चहाचा कप एकदाही न विसळलेला माणूसही दुसरा नाही. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. निवृत्त झाल्यावर माणसं देवधर्माला लागतात, हे मास्तरकीतून सुटले आणि समतेला लागले. बचत गटाची बैठक, हळदीकुंकू, गणपतीचा मांडव, कुठेही माईक दिसला की काका उभे. एकदा तर कुणाच्या तरी दहाव्याला श्रद्धांजलीसाठी दोन शब्द बोला म्हटलं, तर हे महिला सक्षमीकरणात शिरले. कावळा येऊन शिवून गेला, नातेवाईक अंघोळी करून आले, तरी काकांचं चालूच. महिला दिनाच्या आधी तर मावशीला उसंत नसते, कारण काकांचे पांढरे सदरे नीळ घालून धुवायचे, त्यांना कडक इस्त्री करायची. ते घालून काका गावोगाव सांगत फिरतात की बाईला घरात राबवून घेऊ नका.

ऊसतोडीला निघालेल्या बायका एकदा पहाटे टेम्पोत चढत होत्या. काकांनी त्यांना अडवून समान हक्क समजावून द्यायला घेतले. त्यातली एक डोक्यावरचं बोचकं सावरत म्हणाली, "गुर्जी, लई चांगलं बोलताय, पर टेम्पो न्हाई थांबायचा. हातभार लावा जरा, ह्ये बोचकं वर द्या." काकांनी बोचकं दिलं नाही, टेम्पोमागून चालत भाषण मात्र पूर्ण केलं. दुसऱ्या एका वर्षी त्यांनी 'पुरुष स्वयंपाकघरात' असा उपक्रम काढून स्वतः पोहे केले. पोहे मावशीने भिजवले, कांदा तिनेच चिरला, फोडणीही तिनेच दिली. काकांनी झारा हातात धरून फोटो काढून घेतला आणि आठवडाभर स्टेटसला ठेवला. पोह्यांत मीठ नव्हतं, त्याबद्दल ते मावशीलाच बोलले.

मावशीला ते 'ऐकलं का' म्हणतात. काय ऐकायचं ते मात्र सांगत नाहीत. चष्मा हवाय, पाणी हवंय की टॉवेल, ते तिने आवाजावरून ओळखायचं, आणि ती बिचारी ओळखते. मी एकदा विचारलं, "काका, तुम्ही मावशीला नावानं का हाक मारत नाही?" तर म्हणाले, "अगं, इतकं सुंदर नाव ठेवलंय मी तिचं. ते असं उठसूट वापरून कसं चालेल?"

ठेवलंय हे खरं आहे. मावशीचं माहेर पारनेरकडचं आणि माहेरचं नाव हिरा. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवीन नाव लिहायची वेळ आली तेव्हा नवरदेव मास्तर पडले, त्यांनी 'मृणालिनी' लिहिलं. सासूबाईंनी ते म्हणून बघितलं, पण 'मुरनाळी'च्या पुढे जीभ वळेना, म्हणून त्यांनी 'सूनबाई'वर भागवलं. पुढे ती पोरांची आई झाली, गावाची मास्तरीणबाई झाली. मृणालिनी कागदोपत्रीच राहिली. हिरा म्हणणारी एक माझी आई होती, तीही गेली. तेव्हा मावशी मला जवळ घेऊन म्हणाली होती, "तुझी आई गेली, ती माझं नाव बी घिऊन गेली." काका त्या वेळी ओट्यावर कुणाला तरी फोनवर स्त्रीच्या अस्मितेबद्दल सांगत होते. मला त्यांचा मनापासून राग आला होता.

यंदा काकांनी नवी मोहीम काढली. प्रत्येक घराच्या दारावर घरच्या बाईच्या नावाची पाटी. कल्पना चांगली होती, हे मलाही कबूल करावं लागलं. स्वतःच्या घरच्या पाटीचं अनावरण त्यांनी सौभाग्यवतींच्या हस्ते ठेवलं. अंगणात गावातल्या बायका जमल्या, काका बोलत राहिले, आणि सौभाग्यवती आत सगळ्यांचा चहा गाळत होत्या. शेवटी "ऐकलं का" अशी हाक गेली. मावशी पदराला हात पुसत आली आणि तिने फडकं ओढलं. सोनेरी अक्षरांत 'सौ. मृणालिनी' असं होतं. टाळ्या पडल्या. मावशीने पाटी मोठ्याने वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि काकांना विचारलं, "ही कोन बाई हाय? आपल्या घरात राहती व्हय?"

बायका हसल्या, काकाही हसले. मग ती हसत नाहीये हे त्यांच्या लक्षात आलं.

"अगं, तूच की."

"मी हिरा हाय. पाटी माझी आसंल तर नाव माझं घाला. न्हाईतर तुमचंच घाला, पोस्टमनला घर तरी घावंल."

एवढं बोलून ती चहाचे कप आणायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी काका पाटी काखेत मारून स्वतः पेंटरकडे गेले. मी पुन्हा गेले तेव्हा दारावर नुसतं 'हिरा' होतं, 'सौ.'सुद्धा नव्हतं. "बघ, किती सुटसुटीत नाव आहे," काका मला म्हणाले, जणू ते त्यांनीच शोधून काढलं होतं. चहा पिऊन त्यांनी कप तिथेच जमिनीवर ठेवला. या माणसाचं काय करावं, मला खरंच कळत नाही.

मग त्यांना चष्मा हवा झाला. ते उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेले, उंबऱ्याशी थांबले, घसा साफ केला. "हि..." म्हणाले आणि अडले. दहाव्यालासुद्धा न अडखळलेला माणूस दोन अक्षरांत अडकून लाजेने लाल झाला होता. मला हसू यायला हवं होतं, पण आईची आठवण आली.

आतला भांड्यांचा आवाज थांबला.

"अर्धं ऐकलं," मावशी म्हणाली. "उरल्यालं बी म्हना."

काका पुन्हा खाकरले. ती आत आणि मी बाहेर, आम्ही दोघी वाट बघत राहिलो.