उन्हात उतरणारा सूर

नवी वस्तू विकत घेऊन ती जुनी करण्यासाठी एवढी मेहनत घेणारा माणूस अख्ख्या खानदेशात माझ्या साडूंशिवाय दुसरा झाला नसेल. धुळ्यात त्यांचा लग्नात वाजणारा ऑर्केस्ट्रा होता. ते स्वतः वाजवत ती पेटी म्हणजे एक जुनं विलायती यंत्र. त्यातून एकच आवाज निघे, पुष्कळशी व्हायोलिनं एकदम वाजल्यासारखा. जरा कापरा, जरा घोगरा. मे महिन्यात यंत्र तापलं की सूर हळूहळू खाली घसरे. साडू त्यावर ओला पंचा टाकत. गायक तर इतका सरावलेला, की दुपारच्या लग्नात तोही पेटीबरोबर आपोआप उतरे. पाठवणीला तो उतरता सूर लागला की वरपक्षाचेही रुमाल निघत.

एका उन्हाळ्यात ती पेटी कायमची बसली. साडूंना घोर लागला, कारण पुढच्या वैशाखात लेकीचं लग्न होतं आणि तिची पाठवणी याच सुरात करायची, हे त्यांनी ती पाळण्यात असतानाच ठरवलेलं. मग नवा सिंथेसायझर आला. त्यात बासरी, घंटा, अगदी समुद्राच्या लाटासुद्धा. साडूंनी सगळं ऐकलं आणि आपल्या अहिराणीत म्हणाले, "बठ्ठं शे, पन जीव कोठे शे यामा?"

सावद्याला केळीच्या एका व्यापाऱ्याकडच्या लग्नात तो सिंथेसायझर पहिल्यांदा वाजला. दुपार चढली तसा गायक सवयीने उतरत गेला आणि नवी पेटी मात्र जागची हलेना. नवरदेवाचे मामा जवळ येऊन म्हणाले, "मास्तर, आता एखादी नवी पेटी घ्या हो!"

त्या दिवसापासून साडू पेटीला म्हातारी करायला बसले. व्हायोलिनचे दोन आवाज एकमेकांपासून किंचित फटकून लावायचे, त्यात संथ थरथर घालायची, आणि वाजवता वाजवता सूर उतरवणारं एक बटण कुणाला कळणार नाही इतकं हळू खाली आणायचं. जळगावला मला फोन करून रिसीव्हर पेटीला लावत.

"आता?"

"छान आहे, भाऊ."

"छान नको. जुनं वाटतं का, ते सांगा."

मागून अक्कांचा, म्हणजे माझ्या मेहुणीचा, आवाज येई: "पेटीला ताप आणायला बसलेत वर्षभर! मला आला तेव्हा गोळी आणली नाही."

लग्नाची व्यवस्था माझ्याकडे होती. मांडव, पाणी, वऱ्हाडाची उतरायची जागा, सगळं नेमून दिलेलं. पाठवणीच्या वेळी वधूपित्याने गाडीच्या दाराशी उभं राहायचं, हेही. साडू मात्र त्या वेळी पेटीवर बसले. सूर लागला आणि मांडवातली कुजबुज थांबली. जामनेरची वरपक्षाची मंडळी खोळंबली. "मुलीचे वडील कुठे आहेत?" अशी हाक आली. मी त्यांना उठवायला निघालो, तोवर लेकच शालू सावरत स्टेजवर चढली आणि वाकली. साडूंचा एक हात तिच्या डोक्यावर गेला. दुसऱ्याने पट्ट्या दाबून धरलेल्या होत्या. त्या आवाजाला एक हात पुरतो. पण आता बटण खाली आणायला हातच उरला नव्हता.

गाडी गेली, धूळ बसली, तरी पट्ट्या तशाच दाबलेल्या. मग त्यांनी बोटं उचलली आणि मला विचारलं, "शेवटी उतरला का हो सूर?"

"उतरला, भाऊ," मी म्हणालो.