काठी तुझी, झेंडा आमचा

समस्त नागरिकांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, घरावर राष्ट्रध्वज लावताना केशरी पट्टा वर असावा, ध्वज जमिनीला टेकू नये, फाटका वा मळका नसावा आणि ज्याने काठी उभी केली, त्याचा हात कापडाला लागू नये.

शेवटचा नियम सरकारचा नाही. तो शुक्रवार पेठेतल्या एका तीनमजली घराच्या गच्चीवर, माझ्यादेखत तयार झाला.

त्या घरचं ड्रेनेजचं चेंबर तुंबलं की मला बोलावणं यायचं. मागच्या बोळातून आत, मागच्या बोळातून बाहेर. यंदा पंधरा ऑगस्टला साहेबांनी काठी उभी करायला बोलावलं. पुढच्या दारानं. बायकोनं पांढऱ्या शर्टाला कडक इस्त्री केली. मी अंग असं घासलं, जणू माझंच लग्न आहे.

कठड्याच्या बाहेर लोंबकळून मी काठीचा पाइप तारेनं आवळला. आत उभे राहून साहेब मला झेंड्याचे नियम सांगत होते. मग बाई ताट घेऊन वर आल्या. ताटात घडी केलेला झेंडा, वर हळदकुंकू. आपल्याकडं नव्या गाडीलाही हळदकुंकू लागतं, झेंड्यानंच काय घोडं मारलंय. मी दोन्ही हात पुढं केले.

"तू नको रे. देवापुढं ठेवलेला आहे," बाई म्हणाल्या.

"आंघोळ करून आलोय, बाई."

"आंघोळीचं नाही म्हणत मी."

साहेब आभाळाकडं बघत होते. झेंडा अजून वर गेलाही नव्हता.

तो साहेबांनी बांधला. राष्ट्रगीत झालं. मी ताठ उभा, हात मांड्यांना चिकटवलेले. राग आला नाही. रडूही नाही. दात काढताना गालात सुई देतात, तसं झालं होतं. गाल आपलाच, पण चिमटा काढला तरी कळत नाही. बाईंनी वरून टाकलेला पेढा मी ओंजळीत झेलला. खाल्लाही. गोड लागला का, आठवत नाही. घरी बायकोनं विचारलं, "कसं झालं?" म्हटलं, "झकास."

आता रात्रीही झेंडा ठेवता येतो म्हणून साहेबांनी तो उतरवला नाही. माझी तार पक्की होती, साहेबांची गाठ कच्ची. दोन-तीन दिवसांनी वारं सुटलं आणि झेंडा उडून मागच्या बोळात पडला. थेट फुटक्या झाकणाच्या चेंबरात.

मला फोन आला. गेलो, तर सगळं घर नाकाला रुमाल लावून उभं.

"काढ की लवकर," साहेब म्हणाले. "आपला झेंडा आहे."

आपला.

त्या बधिर गालात तेव्हा पहिला ठणका लागला.

"गच्चीवर तुमचा हुता, साहेब. चेंबरात पडला की आपला झाला व्हय?"

मी वाकलो आणि दोन्ही हातांनी झेंडा काढला. त्यांच्यासाठी नाही. तो घाणीत पडला होता म्हणून. पुढच्या अंगणात गेलो. जिथं त्यांचं प्यायचं पाणी भरतात, त्या नळाखाली धुतला. साबण मागितला. बाईंनी लांबून टाकला. कापड कुठं फाटलं नव्हतं. हळदकुंकू तेवढं वाहून गेलं.

साहेबांनी हात पुढं केला. बाईंनी त्यांचं मनगट धरलं. "घरात नको आता."

"मी नेतो," म्हटलं. "आन् ह्यापुढं चेंबर तुंबलं तर तुमचं तुमी काढा. मी येणार न्हाय."

झेंडा भवानी पेठेत, माझ्या घरी वाळला. सकाळी पत्र्यावर काठी उभी केली. केशरी वर. गल्ली गोळा झाली. आता माझाही एक नियम. कुणाच्या मागच्या बोळातून मी आत जाणार नाही, उपाशी राहावं लागलं तरी. आणि ह्या झेंड्याला हात लावायला इथं कुणी कुणाला विचारायचं नाही.

तो मी बायकोच्या पुढं धरला. म्हटलं, तू बांध. तिनं पदराला हात पुसले. परत पुसले. झेंडा घेतला नाही. आणि अख्ख्या गल्लीदेखत तिच्या तोंडून निघून गेलं:

"मी हात लावलेला चालंल न्हवं?"