खणात बांधलेला नारळ

निवृत्त झाल्यापासून लग्नकार्यात कुणी ना कुणी शेजारी येऊन बसतो आणि विचारतो, "साहेब, तुमचा सगळ्यात अवघड तपास कोणता?" त्याला खून नाहीतर दरोडा ऐकायचा असतो. मी जी घटना सांगतो ती ऐकून बहुतेकांचा हिरमोड होतो. तिच्यात कुणाचं रक्त सांडलं नाही, कुणी फरारही झालं नाही. पण मला विचाराल, तर अजूनही जशीच्या तशी आठवते ती हीच.

तेव्हा मी धाराशिव जिल्ह्यात, सोलापूर-हैदराबाद हायवेवरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. अशा ठाण्याचा दिवस अपघातांच्या पंचनाम्यांत आणि बांधावरच्या भांडणांत संपतो. एका सकाळी हजेरी चालू असतानाच मुलांच्या हेल्पलाइनकडून निरोप आला. जळकोटच्या बाजूच्या एका गावात एका जोडप्यानं तान्हं पोर विकत आणलंय, असा. फोन करणाऱ्यानं स्वतःचं नाव सांगितलं नव्हतं. घराची, दुकानाची खूण मात्र बिनचूक दिली होती. इतकी नेमकी खबर देणारा बहुधा भावकीतलाच असतो. वारस नसलेल्या घराच्या जमिनीवर भावकीचा डोळा असतो, हे सांगायला पोलीस कशाला हवा? पण खबर देणाऱ्याचं मन काळं असलं, म्हणून खबर खोटी ठरत नाही.

मुलाचा मामला असला की गणवेश घालून जायचं नसतं. मी साधा शर्ट घातला आणि आमच्या हवालदार बाईंना सोबत घेतलं. बाई उमरग्याकडच्या. बोलणं तोडून टाकल्यासारखं, पण बायामाणसांत बसल्या की समोरची आपणहून बोलायला लागायची.

आम्ही पोचलो तेव्हा घरधनीण अंगणात पाय लांब करून बसली होती आणि पायांवर बाळाला पालथं घेऊन न्हाऊ घालत होती. चाळिशीला टेकलेली, शांत चेहऱ्याची बाई. आम्ही पोलीस आहोत हे कळल्यावर तिचा हात थबकला. पण ती उठली नाही.

"पोर ओलं हाय. पुसून घेते, मग बोला," ती म्हणाली.

मी थांबलो. गुन्हेगार असा वागत नाही, हे तेव्हाच मनात आलं. पण मनात आलेलं स्टेशन डायरीत लिहिता येत नाही.

नवऱ्याला दुकानातून बोलावलं. पंक्चर काढता काढता आलेला, हात काळे. मूल कुठून आणलं विचारल्यावर तो घाबरण्याऐवजी हसला. आत जाऊन एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आला आणि तिच्यातले कागद माझ्यापुढं धरले.

"सरकारी हाय साहेब. नंबर लागलाय आमचा."

दत्तक घेण्यासाठी सरकारच्या पोर्टलवर केलेल्या नोंदणीचे ते कागद होते. खरे होते. घरी सामाजिक कार्यकर्ती येऊन चौकशी करून गेल्याचा अहवाल होता, आणि हे दोघं पालक व्हायला योग्य आहेत असा शेराही होता. खरं सांगायचं, तर त्या विषयातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. मी तिथूनच जिल्हा बाल संरक्षण अधिकारी बाईंना फोन लावला. त्यांनी नोंद पाहून सांगितलं, नावं आहेत, पण यांची पाळी अजून आलेली नाही. यांना कुठलंही मूल दाखवलेलं नाही, दिलेलं तर नाहीच.

दोघांना ठाण्यात आणलं. वेगवेगळं बसवून विचारलं. ठरवून खोटं बोलणारी माणसं एकाच प्रश्नाला एकाच शब्दांत उत्तर देतात. या दोघांची उत्तरं शब्दांनी वेगळी आणि अर्थानं एक होती. नवऱ्याची समजूत अशी, की एकदा सरकारनं "योग्य" म्हटलं म्हणजे मूल घ्यायचा परवाना मिळाला. मग मूल शिशुगृहातून येवो, नाहीतर आणखी कुठून.

"रेशनकार्ड हाय म्हटल्यावर माल कुठल्याबी दुकानातून घेतला तर काय बिघडलं, साहेब?"

या माणसावर रागवावं की काय करावं, मला कळेना.

"मूल म्हणजे गहू आहे का?" मी एवढंच म्हणालो.

मूल दिलं कुणी, इथं मात्र दोघांच्याही तोंडाला कुलूप. बाईनं भवानीची आण घेतली होती. मी आवाज चढवून पाहिला, समजावून पाहिलं. ती मांडीवरच्या बाळाकडं बघत बसली. आणि मला तर सगळ्यात आधी हेच शोधायचं होतं. पैसे घेऊन मूल विकणारी टोळी मागं असेल, तर आणखी किती घरांत अशी मुलं पोचली असतील, देव जाणे.

दुपारी घराचा पंचनामा केला. पैशांची देवघेव झाल्याची कसलीच खूण नाही. देव्हाऱ्यात मात्र लाल खणात गुंडाळलेलं काहीतरी होतं. हवालदार बाईंनी गाठ सोडली. आत मूठभर तांदूळ, हळकुंड आणि सोललेला, शेंडी राखलेला नारळ. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. बाईंनी नारळ कानाशी हलवला. आत सुकून सुटलेला गोटा खुळखुळला.

"साहेब, ही ओटी हाय," बाई म्हणाल्या. "ओटीचा नारळ कुणी गोटा होईस्तवर ठेवत न्हाय. चार दिसांत फोडून भाजीत घालत्यात."

ठाण्यात परत आल्यावर बाईंनी तो नारळ तिच्यासमोर ठेवला. आवाज चढवला नाही, काही नाही. शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "अक्का, ह्यो का फोडला न्हाय?"

सकाळपासून कोरडी राहिलेली ती बाई तेव्हा रडली.

"कसा फोडू? तिनं नारळ घातला ओटीत आन वर पोर ठिवलं. पोटचं दिलं की हो तिनं. तुळजापूरला जावळ काढायचं, तवा आईम्होरं फोडायचा, असं म्या बोलले हुते."

मग हळूहळू कळलं. बाळाची आई म्हणजे तिच्या माहेरच्या गावची एक मुलगी, सीमेपलीकडची. लग्न झालेलं नव्हतं. ज्यानं शब्द दिला होता त्यानं हात वर केले होते. भावाला कळलं असतं तर काय झालं असतं, ते वेगळं सांगायला नको. ती मावशीकडं बाळंत झाली आणि मूल घेऊन थेट या बाईच्या दारात आली. नाव मात्र बाईनं तेव्हाही सांगितलं नाही.

मग मी तिला कायदा जसा मला त्या दिवशी समजला तसा सांगितला. आईचा जबाब मिळाला नाही, तर आम्ही आई शोधत राहणार आणि तोवर बाळ शिशुगृहात अडकून पडणार. त्याला धड आई नाही, धड नवं घर नाही. आण पाळायची, की पोराचं भलं करायचं?

तिनं पदरानं तोंड पुसलं. "नाव म्या न्हाय सांगणार. तिला घिऊन येते. सांगायचं तर ती सांगल."

माझ्या वरिष्ठांना हे पटलं नसतं, म्हणून मी त्यांना विचारलंच नाही. हवालदार बाईंना साध्या कपड्यांत तिच्याबरोबर धाडलं. दुसऱ्या दिवशी ती मुलगी आली. सज्ञान होती, आधी तेच तपासलं.

"तुला काय मिळालं याबद्दल?" मी विचारलं.

"एक साडी," ती म्हणाली. "आन ह्या अक्कांनी माझे पाय धरले."

तेवढ्यावर टोळीचा संशय संपला. तिच्यावर कारवाईची गरज नाही असं मी लेखी कळवलं आणि ते मान्य झालं. बालकल्याण समितीसमोर तिनं मूल रीतसर सोपवलं. तुझं नाव कुठं जाणार नाही, दोन महिन्यांत मन बदललं तर मूल परत मिळेल, असं समितीनं तिला दोनदा समजावलं. ती म्हणाली, "नेऊन ठिवू कुठं?" आणि सही केली.

बाळाला आधी, खबर मिळाली त्याच दिवशी, समितीच्या आदेशानं शिशुगृहात पाठवलं होतं. आता सगळं रीतसर झालं म्हटल्यावर ही बाई नवऱ्यासह पुन्हा ठाण्यात आली. चेहरा उजळला होता.

"मग आता आमालाच देतील न्हवं, साहेब?"

नोकरीत मी मयताच्या घरी निरोप पोचवले आहेत. ते याहून सोपं गेलं होतं. मी सांगितलं, नाही. मूल आता यादीत ज्यांची पाळी आहे त्यांना दाखवलं जाईल. ते येऊन भेटतील, घरी नेतील आणि शेवटी जिल्हाधिकारी आदेश काढतील. ती यादी तुम्हाला मूल मिळवून देण्यासाठी नाही. मुलाला घर मिळवून देण्यासाठी आहे. तुमच्यापुढं जे आहेत त्यांनीही तुमच्याइतकीच वाट पाहिली आहे. आणि तुम्ही कायदा मोडून मूल ठेवून घेतलंत, त्याचा गुन्हा मला नोंदवावा लागला आहे. यादीतल्या तुमच्या नावाचं पुढं काय होईल, ते माझ्या हातात नाही.

नवरा खाली बसला. ती उभीच राहिली. मग हवालदार बाईंना म्हणाली, "तिथल्या बायांना सांगा, त्यो पालथा टाकून पाठीवर थोपटल्याबिगर झोपत न्हाय."

मी गुन्हा नोंदवला याचं मला तेव्हा वाईट वाटलं, आजही वाटतं. पण तशी वेळ आली, तर पुन्हा नोंदवीन. या घरात माया होती. पुढच्या घरात असेलच असं नाही, आणि दारात ठेवलेलं तान्हं पोर माया ओळखून दार वाजवत नाही. त्याच्यासाठी चौकशी दुसऱ्या कुणीतरीच करायची असते.

काही महिन्यांनी, मूल एका जोडप्यानं पसंत केल्याचं कळलं. कुठलं जोडपं, ते मी विचारलं नाही. विचारायचं नसतं. ती बाई मात्र कशी कोण जाणे, कानावर येताच ठाण्यात हजर झाली. पंचनाम्यानंतर परत केलेला तो नारळ तिनं त्याच खणात बांधून आणला होता.

"ह्यो त्या बाईच्या ओटीत घाला. माझं नाव नगा सांगू. जावळ काढतील तवा आईम्होरं फोडा म्हणावं."

हवालदार बाई तो घेऊन शिशुगृहात गेल्या. तिथल्या अधीक्षक बाईंनी मला नंतर फोनवर सांगितलं. नव्या आईच्या मांडीवर आधी नारळ ठेवला आणि मग बाळ. तिनं विचारलं, हा नारळ कुणाचा? अधीक्षक बाई म्हणाल्या, बाळाच्या माहेरचा.

या प्रकरणानं मला एक गोष्ट शिकवली. तोवर मला वाटायचं, कायदा मोडणारा एकीकडं आणि पाळणारा दुसरीकडं, मध्ये रेघ. त्या रेघेवर उभी राहून एक बाई पोराला थोपटत असेल, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

निवृत्तीनंतर एकदा तुळजापूरच्या बसस्टँडवर ती भेटली. नवरा पाणी आणायला गेला होता. तिचे हात रिकामेच होते. यादीचं काय झालं, हे विचारायला माझी जीभ रेटली नाही. तिनंच विचारलं, "साहेब, फोडला असंल का हो त्यांनी नारळ?"

मला काहीच माहीत नव्हतं. ते जोडपं कुठलं, कुठल्या देवाला मानणारं, तुळजापूरला कधी आलं की नाही, काही नाही. उभ्या नोकरीत पुराव्याशिवाय मी एक वाक्य बोललो नव्हतो.

"व्हय," मी म्हणालो. "फोडला."